जुन्या संगणकावर ओवी वाजली पाहिजे

बोरीहून आम्ही गटाच्या बाया बोलतोय. आज गोष्ट सांगायची आहे घरातल्या गाण्याची, आणि ते गाणं वाजवणाऱ्या यंत्राची.

आपल्याच परभणी जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यात ताडकळस गाव आहे. तिथल्या गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या १९९६ साली टेपवर भरल्या गेल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातलाच हा एक आवाज. बर्नार्ड बेल या फ्रेंच संशोधकाने ध्वनिमुद्रणाचं काम केलं. तेव्हा असं काम करणारी माणसं डॅट नावाची छोटी डिजिटल टेप वापरत. पुढे २००५ साली सोनीने ती टेप वाजवणारी यंत्रं बनवणं बंद केलं. ओव्या वेळेवर संगणकात उतरल्या म्हणून वाचल्या. २०१७ पासून ‘पारी’ त्या सगळ्यांसाठी इंटरनेटवर देते आहे. टेप सुखरूप आणि वाजवायला यंत्र नाही, म्हणजे कणगीत ज्वारी आणि घरात जातंच नाही!

आमच्या गटाकडेही एक जुना संगणक आहे. त्यात आमच्या आज्यांच्या, मावश्यांच्या ओव्या आहेत, लग्नातले आणि डोहाळजेवणाचे व्हिडिओ आहेत. त्यावरचं विंडोज ७. कंपनीने १४ जानेवारी २०२० ला त्याची देखभाल थांबवली. तालुक्याच्या एका दुकानात सांगितलं, याच्यात नवं विंडोज चालायचं नाही, नवा संगणकच घ्या. नवा घ्यायचा म्हणजे बचतीला हात घालायचा, आणि त्याच बचतीतून बियाण्याला कर्ज द्यायचं असतं. गटात दोन तट पडले. मग कुणीतरी लिनक्सचं नाव काढलं.

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली म्हटलं, की संगणकाची प्रणाली सगळ्यांना वापरता, बघता, बदलता आणि दुसऱ्याला देता आली पाहिजे. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि जगाला देऊन टाकला. आपण विरजण शेजारणीला देतो आणि आपलं संपत नाही, तसाच हा कारभार.

पण गाण्याच्या बाबतीत इथेच माशी शिंकली. आपण ज्याला एमपी३ म्हणतो, ते जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी घडवलं. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग त्यांतले मोठे नाव. गाण्याची फाइल लहान करायची, पण कानाला फरक कळू द्यायचा नाही, असं ते कसब. परीक्षेसाठी त्यांनी सुझान वेगा या गायिकेचं एक गाणं घेतलं. साथीला एकही वाद्य नाही, नुसता बाईचा आवाज. पहिल्या पहिल्या प्रयत्नांत तोच आवाज सगळ्यात जास्त बिघडला! ढोल-ताशात खोट लपते, उघड्या गळ्यात लपत नाही. जात्यावर गाणाऱ्या बाईला हे सांगायची गरज नाही. तो आवाज नीट येईपर्यंत त्यांनी काम केलं, आणि आज जगभरची गाणी त्या कसबावर वाजतात.

मात्र त्या कसबावर पेटंट होतं. वापरायचं तर पैसे भरा. फुकट वाटायची प्रणाली पैसे कुठून भरणार? म्हणून फेडोरासारख्या लिनक्समध्ये कित्येक वर्षं एमपी३ गाणं आपोआप वाजतच नसे. लिनक्स घेतलं पण गाणं वाजेना, ही जुनी तक्रार तिथली. दोष लिनक्सचा नव्हता, पण घरच्या माणसाला त्याचं काय! २३ एप्रिल २०१७ ला एमपी३च्या परवान्याचा कारभार बंद झाला आणि ती अडचण गेली. व्हिडिओच्या काही प्रकारांवर मात्र अशी बंधनं अजून आहेत.

मधल्या काळात वाट काढणारेही निघाले. पॅरिसच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या कामातून व्हीएलसी आलं, तेच ते नारिंगी शंकूच्या चित्राचं. २००१ पासून ते सगळ्यांना खुलं आहे आणि जवळपास कुठलाही व्हिडिओ वाजवतं. २००४ साली उबुंटू आलं. त्याच्या सीडी मागितल्या की फुकट, टपालाने घरपोच यायच्या. २००६ साली क्लेमां लफेव्र यांनी लिनक्स मिंट काढलं. मिंटचं नाव झालं ते एका साध्या गोष्टीने: घातलं की गाणी आणि व्हिडिओ लगेच चालायचे.

आपल्या लिपीचीही सोय झाली. २००४ साली रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ नावाचे फॉन्ट खुले केले; त्यामागे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं काम होतं. सी-डॅकने २००७ साली भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ लिनक्स काढलं. त्याचा आम्हाला अभिमान आहे. तरी घरच्या गाण्या-व्हिडिओसाठी आमचं मत मिंटला. उबुंटू स्टुडिओ नावाचंही एक आहे, पण ते गाणं बनवणाऱ्यांसाठी. ऐकणाऱ्या बाईला तेवढी खटपट कशाला?

मिंटचे तीन अवतार मिळतात. संगणक जुना असेल तर एक्सएफसीई नावाचा हलका अवतार घ्या. रॅम निदान २ जीबी हवी, ४ असेल तर काम सुखाचं होतं. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, आतलं काही पुसलं जात नाही. तेव्हाच आवाज येतो का, व्हिडिओ अडकतो का, वायफाय लागतं का, ते तपासून घ्या. कायमचं बसवताना जुनी डिस्क पुसली जाऊ शकते, म्हणून ओव्या आणि फोटो आधी दोन ठिकाणी उतरवा. दोन ठिकाणी, एका नाही! बसवताना मल्टिमीडिया कोडेकची चौकट येते, तिथे खूण करायला विसरू नका. तीच गाण्या-व्हिडिओची किल्ली.

आणि म्हाताऱ्या बायांच्या ओव्या नव्याने भरणार असाल तर मूळ प्रत फ्लॅक प्रकारात ठेवा. त्यात आवाजातलं काही गळत नाही, आणि तो प्रकार २००१ पासून खुला आहे. मोबाइलवर मैत्रिणीला पाठवायला एमपी३ची वेगळी प्रत काढा. फाइलच्या नावात गाणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि तारीख लिहा.