बेटांवरचा रुपया

मॉरिशसमध्ये रुपया सरकारी हुकमाने आला नाही. हुकूम निघाला १८७६ मध्ये; तोवर रुपया तिथं मुरलेला होता.

इंग्रजांनी १८१० मध्ये फ्रेंचांकडून बेट घेतलं तेव्हा बाजारात स्पॅनिश डॉलरपासून हाती पडेल ते नाणं चालायचं. गुलामगिरी रद्द होऊ घातली तशी उसाच्या मळेवाल्यांना माणसं हवी झाली. नोव्हेंबर १८३४ मध्ये ‘ॲटलस’ जहाजातून छत्तीस हिंदी मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढे कलकत्ता, मद्रास, मुंबईहून लाखो गेले. मुंबईहून जाणाऱ्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. सुरुवातीच्या करारांत पगार महिना पाच रुपये. एक दिवस खाडा पडला की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. बेटावर त्याला ‘डबल कट’ म्हणत.

हा रुपया म्हणजे तोळाभर वजनाचं चांदीचं नाणं. कनवटीला लावून गावी नेलं तरी ते जसंच्या तसं चालणार, सराफाकडे बट्टा द्यायला नको. स्पॅनिश डॉलर घेऊन गावात काय करायचं होतं? तांदूळ हिंदुस्थानातून येई आणि साखर तिकडे जाई (आपली ‘मोरस’ साखर ती हीच), त्यामुळे व्यापाऱ्यांनाही रुपयाच सोयीचा. १ जानेवारी १८७७ पासून सरकारने तो अधिकृत केला. मात्र त्याचे सोळा आणे न करता शंभर सेंट केले. सेंटची नाणी बेटाची, पण चांदीचा रुपया १९३४ पर्यंत हिंदुस्थानचाच.

मुहूर्त मात्र वाईट निघाला. चांदी घसरत होती. दोन शिलिंगांचा रुपया १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या घरात आला. सोन्याच्या पाऊंडात माल विकून मजुरी चांदीत देणाऱ्याचं फावलं. मग हिंदुस्थानच्या टांकसाळी चांदीला बंद झाल्या आणि पाऊंडाला पंधरा रुपये हा दर ठरला. ठरवणारे लंडन-कलकत्त्याचे, पोर्ट लुईला फक्त बातमी पोचायची. १९३४ मध्ये मॉरिशसचा रुपया थेट पाऊंडाला बांधला गेला, दीड शिलिंगाला एक.

सेशेल्सचा कारभार १९०३ पर्यंत मॉरिशसकडे होता, म्हणून तिथंही रुपयाच. दोघं एकाच पाऊंडाच्या दाव्याला, त्यामुळे आपसात एकास एक. १९७० च्या दशकात ते दावं सुटलं आणि वाटा फुटल्या. २००८ मध्ये परदेशी कर्जाचा हप्ता थकल्यावर सेशेल्सने रुपया बाजारावर सोडला. आठ रुपयांचा डॉलर काही महिन्यांत सोळांच्या घरात गेला. तरी आज सेशेल्सच्या एका रुपयाला आपले सहाच्या आसपास पडतात, मॉरिशसच्या रुपयाला दोनच्या आतबाहेर.

मॉरिशसच्या नोटेवर किंमत इंग्रजी, तमिळ, हिंदी अशा क्रमाने छापत. १९९८ मध्ये नव्या नोटांवर हिंदी तमिळच्या वर गेली. तमिळ समाज रस्त्यावर उतरला आणि त्या नोटा मागे घेऊन जुन्या क्रमाने पुन्हा छापाव्या लागल्या.