ॲक्रन ते मुंबई : मद्यमुक्तांच्या सभांचा इतिहास

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ॲक्रन हे शहर एके काळी टायरांच्या कारखान्यांसाठी जगप्रसिद्ध होते. ११ मे १९३५ रोजी तेथील मेफ्लॉवर हॉटेलात न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा गृहस्थ एकटाच येरझारा घालीत होता. ज्या व्यावसायिक कामासाठी तो आला होता ते फिसकटले होते, खिशात पैसे बेताचे होते, आणि जवळच्या मद्यगृहातून हास्यविनोद ऐकू येत होता. शेअरबाजारातील हा बुद्धिमान मनुष्य दारूपायी धुळीस मिळाला होता. वारंवार इस्पितळात राहून अखेर डिसेंबर १९३४ पासून त्याने मद्य वर्ज्य केले होते. पाच महिन्यांचा तो संयम त्या दिवशी डळमळू लागला. मद्यगृहाकडे न जाता तो दूरध्वनीकडे वळला, भिंतीवरच्या चर्चच्या यादीतून एका धर्मगुरूंचा क्रमांक काढला आणि या शहरातील एखाद्या मद्यपीची गाठ घालून द्याल काय, असे त्यांना विचारले.

विल्सनला हवा होता तो उपदेशक नव्हे, वैद्यही नव्हे. न्यूयॉर्कमध्ये त्याने अनेक मद्यपींना सुधारण्याची खटपट केली होती. त्यांतला एकही सुधारला नव्हता. मात्र त्या खटपटीत तो स्वतः कोरडा राहिला होता. दुसऱ्या दिवशी हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंच्या घरी त्याची डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकाशी भेट झाली. पंधरा मिनिटांहून अधिक थांबणार नाही, या बोलीवर आलेले डॉक्टर सुमारे सहा तास बसून राहिले. दारूचे दुष्परिणाम त्यांना कोणी शिकवावयास नको होते. स्वतः त्या खाईतून गेलेला मनुष्य आपलीच कथा सांगत आहे, हा अनुभव मात्र त्यांना नवा होता. पुढे एकदा त्यांचा पाय घसरला. पण १० जून १९३५ नंतर त्यांनी अखेरपर्यंत मद्याला स्पर्श केला नाही. ही तारीख ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ची, म्हणजे अनामिक मद्यपींच्या संघटनेची, स्थापनातिथी मानली जाते. ते नाव मात्र १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथावरून रूढ झाले.

असा प्रयत्न पूर्वीही झाला होता. १८४० मध्ये बाल्टिमोर येथे सहा मद्यपींनी ‘वॉशिंग्टनियन’ मंडळ काढले आणि ते झपाट्याने पसरले. पण व्याख्याने, मिरवणुका व राजकीय वाद यांत गुरफटून दशकभरातच विरून गेले. नव्या संघटनेने १९५० मध्ये स्वीकारलेल्या ‘बारा परंपरां’त या चुकांना जागाच ठेवली नाही. सभासदत्वासाठी दारू सोडण्याची इच्छा पुरते. फी नाही, बाहेरची देणगी नाही, सार्वजनिक वादांत मत नाही, प्रसिद्धीत नाव नाही. संस्था चालविणाऱ्या कोणालाही हे नियम विचार करावयास लावतील.

‘आजचा दिवस घ्यायची नाही’ हा तेथील संकल्पही लक्षणीय आहे. जन्मभराच्या शपथा मद्यपीने शेकडो वेळा घेतलेल्या व मोडलेल्या असतात. नियत काळापुरते पच्चक्खाण घेणाऱ्यांना या संकल्पामागील शहाणपण वेगळे सांगावे लागणार नाही.

सभा शोधणे हा मात्र आरंभीचा मोठा प्रश्न होता. मार्च १९४१ मध्ये एका लोकप्रिय अमेरिकन साप्ताहिकात लेख आला आणि न्यूयॉर्कच्या लहानशा कचेरीत पत्रांचा पूर लोटला. सुमारे दोन हजार असलेली सभासदसंख्या वर्षाअखेर आठ हजारांवर गेली.

भारतात ही चळवळ १९५७ मध्ये मुंबईत रुजली. त्या वेळी राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा कडकपणे लागू होता. अमेरिकेतील दारूबंदी उठल्यानंतर दीड वर्षाने ॲक्रनची भेट झाली. मुंबईत मात्र बंदीच्या अमलातच सभा भरू लागल्या. कायदा असो वा नसो, मद्यपी होतेच. बंदीच्या शहरात ‘मी मद्यपी आहे’ असे उघड म्हणणे किती अवघड असेल, आणि अनामिकतेचे मोल केवढे, हे सहज ध्यानी येते. पुढे १९८६ मध्ये डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले, तेव्हा व्यसनाकडे आजार म्हणून पाहण्याची दृष्टी मराठी घरांत अधिक पोहोचली.

मद्याची गणना सप्तव्यसनांत करणाऱ्या समाजात व्यसनी मनुष्य अधिकच लपून राहतो, आणि त्याच्यासोबत त्याचे घरही. म्हणूनच १९५१ मध्ये मद्यपींच्या आप्तांसाठी ‘अल-अनॉन’ ही वेगळी संघटना निघाली, हे महत्त्वाचे. घरातला मनुष्य सभेला जावयास तयार नसला, तरी पत्नीला वा आईला तेथे जाता येते.

शाळेचा वर्ग, चर्चची खोली, एखादे सभागृह, जेथे जागा मिळेल तेथे या सभा भरतात. खुल्या सभेस कोणीही बसू शकतो. बंद सभा केवळ मद्यपींसाठी असते. नवागताला आडनाव विचारले जात नाही आणि बोलण्याची सक्तीही नसते. तो मागच्या बाकावर तासभर गप्प बसून राहिला तरी चालते. सभा संपल्यावर कोणी तरी जवळ येते आणि एका चिठ्ठीवर आपला दूरध्वनी क्रमांक लिहून त्याच्या हाती देते.