महानगरपालिका आयुक्त
महानगरपालिकेची कार्यकारी सत्ता धारण करणारा शासननियुक्त अधिकारी. या पदाचा विशिष्ट घाट मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडला. लोकप्रतिनिधींचे नियंत्रण आणि कार्यक्षम प्रशासन यांची सांगड कायद्याने कशी घालावी, हा तेव्हाचा पेच आजही पूर्णपणे सुटलेला नाही.

मुंबईचा कारभार १८५८ पासून तीन आयुक्तांच्या मंडळाकडे होता. जबाबदारी विभागलेली असल्याने कामे रेंगाळत. म्हणून १८६५ च्या अधिनियमाने शहरातील जस्टिस ऑफ द पीस म्हणजे शासननियुक्त मानसेवी दंडाधिकारी यांची एक विधिसंस्था केली आणि संपूर्ण कार्यकारी सत्ता एकाच आयुक्ताकडे सोपविली. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी रस्ते, गटारे, सफाई व मंडया यांच्या कामांचा धडाका लावला. तथापि अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच १८६५ मध्ये कापसाची तेजी कोसळली व शहराची करभार सोसण्याची शक्ती घटली. खर्च मात्र वाढतच राहिला. जस्टिसांना अंदाजपत्रकाचा अधिकार होता, पण ते कोणाचे प्रतिनिधी नव्हते आणि हिशेबतपासणीची खात्रीलायक व्यवस्थाही नव्हती. (पुढे १८८८ मध्ये गाजलेले लाचलुचपतीचे क्रॉफर्ड प्रकरण याच अधिकाऱ्याचे.)

करदात्यांच्या असंतोषातून १८७१ मध्ये मोठी चळवळ झाली. कार्यकारी सत्ता आयुक्ताकडून काढून नगर परिषदेकडे द्यावी, अशी अनेकांची मागणी होती. फिरोजशहा मेहता यांनी त्याच वर्षी वाचलेल्या निबंधात या लोकप्रिय मताला विरोध केला. दोष आयुक्ताच्या बळात नसून त्याच्यावर देखरेख करणारी सभा निवडून आलेली नाही यात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. श्रोत्यांना ते रुचले नाही. परंतु पुढील कायदे बव्हंशी याच दिशेने गेले. १८७२ च्या अधिनियमाने ६४ सदस्यांची महानगरपालिका स्थापन झाली. त्यांपैकी निम्मे सदस्य करदात्यांनी निवडावयाचे होते. मताधिकार मात्र मोजक्या सधन करदात्यांपुरताच होता.

१८८८ च्या अधिनियमाने महानगरपालिका, स्थायी समिती व आयुक्त यांची कार्ये वेगळी केली. आयुक्ताची नेमणूक शासनाकडे राहिली. एकूण सदस्यांच्या पाच-अष्टमांश बहुमताने त्याला दूर करण्याची तरतूद झाली. हे बहुमत जुळणे दुर्घट असल्याने व्यवहारात आयुक्त सभेपेक्षा शासनालाच अधिक उत्तरदायी राहिला. हाच सांगाडा १९४९ च्या प्रांतिक अधिनियमाद्वारे पुण्यासारख्या शहरांतही आला.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनात्मक स्थान दिले. कार्यकारी सत्ता कोणाकडे असावी, हे मात्र राज्यांच्या कायद्यांवरच सोडले. मुंबईत १९९८ मध्ये महापौर परिषदेचा प्रयोग झाला, पण १९९९ मध्ये तो मागे घेण्यात आला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्याने मुंबईतील जकात बंद झाली व तिच्या जागी राज्य शासनाची नुकसानभरपाई आली. त्यामुळे उत्पन्नाच्या एका मोठ्या बाबतीतही महानगरपालिका शासनावर अवलंबून राहू लागली. मार्च २०२२ मध्ये निर्वाचित सभेची मुदत संपली. इतर मागासवर्गांचे आरक्षण व प्रभागरचना यांवरील न्यायालयीन वादांमुळे निवडणूक तीन वर्षांहून अधिक काळ लांबली. या काळात आयुक्त हाच प्रशासक होता. अंदाजपत्रक मांडणारा व त्यास मंजुरी देणारा अधिकारी एकच झाला.