पुरुमेंत आणि बांध

२२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू एका दिवसाचा म्हणून आला आणि गोव्यात लांबतच गेला. पहिले काही दिवस किराणा दुकानंसुद्धा बंद होती. दूध नाही, भाजी नाही. मुंबईचे नातेवाईक फोन करून विचारायचे, घरात काय आहे? आमच्या घरात बरंच होतं. मागच्या वर्षीची सोलं होती, चेपणीची तोरं होती, सुकी सुंगटं होती, डब्यात फणसाचे पापड होते. आमच्या आईला टाळेबंदी ठाऊक नव्हती, पुरुमेंत ठाऊक होतं.

पुरुमेंत हा शब्द पोर्तुगीज ‘प्रोविमेंतो’चा. पावसाळ्याचे चार महिने घर चालेल इतकी बेगमी मे महिन्यात करून ठेवायची, ही चाल मात्र पोर्तुगीजांच्या आधीची असणार, कारण पाऊस त्यांच्या आधीचा. मडगावला अजून पुरुमेंताचं फेस्त भरतं. हिंदू घरं काय नि ख्रिस्ती घरं काय, मिरची, मीठ, चिंच, सुकी मासळी घेऊन पावसाची वाट पाहणं दोघांचंही सारखंच.

त्या दिवसांत माझा धाकटा चुलतभाऊ हिशेब करून बसला. यापुढे सहा महिन्यांचं धान्य घरात, विहिरीवर सौर पंप, थोडी रोकड कपाटात. मी म्हटलं, आणि शेजारी? तो म्हणाला, "दादा, वेळ आली की आपलं घर तेवढं आपलं." मी तेव्हा गप्प राहिलो. उत्तर सुचलं ते पुढे, खाजनाच्या बांधावरून चालताना.

आमचं गाव तिसवाडीतलं. नदीकाठची शेतं म्हणजे खाजनं. भरतीच्या वेळी ही जमीन नदीच्या पाण्यापेक्षा खाली असते. ती समुद्राकडून मिळवलेली जमीन आहे. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन असल्याचं सांगतात. चिखल, पेंढा आणि दगड यांचा बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवायचं आणि बांधात एक मानस बसवायची. मानशीची लाकडी दारं मोठी हुशार. ओहोटीला आतलं पाणी ढकलून ती उघडतात, भरतीला बाहेरचं पाणी दाबून ती बंद करतं. माणसाने रात्री उठायची गरज नाही. पण फळी कुजली, खेकड्याने बांधाला भोक पाडलं, की अमावस्येच्या उधाणात सगळं शेत खारं होतं. मग मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात. कोरगुट भात खारटपणा बराच सोसतं, पण त्यालाही मर्यादा आहे.

आता गंमत अशी, की बांध कुठे फुटला याला महत्त्व नाही. माझ्या शेताला लागून फुटला काय नि तुझ्या काय, पाणी दोघांच्याही शेतात शिरतं. कोठीत कितीही भात भरलेलं असो, एका घराला बांध राखता येत नाही. म्हणून बांध गावकरीकडे होता. शेतं आणि मानशीतली मासळी यांचा लिलाव व्हायचा, त्या पैशांतून बांधाची डागडुजी, देवळाचा खर्च, सरकारचा सारा भागवायचा आणि उरेल ते गावकारांनी जोण म्हणून वाटून घ्यायचं. अफोंसो मेशियाने १५२६ मध्ये या चालीरीती लिहून काढल्या. तो जगप्रसिद्ध ‘फोराल’. तो लिहिला गेला तेव्हाही ही व्यवस्था जुनीच होती.

सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध आमच्या पूर्वजांसाठी जग कोसळण्याचाच काळ होता. १५५९ मध्ये राजाच्या नावाने हुकूम निघाला, की पोरक्या हिंदू मुलांना सेंट पॉल कॉलेजच्या ताब्यात देऊन बाप्तिस्मा द्यावा. पुढे आई हयात असली तरी बाप नसलेलं मूल पोरकंच धरलं जाऊ लागलं. म्हणजे घरातला एक पुरुष गेला, की घर मोडलं. त्या काळी जे वाचलं ते एकेकट्या घराने वाचवलेलं नाही. १५६० च्या दशकात कुशस्थळीचा मंगेश जुवारीपलीकडे प्रियोळला गेला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. फोंडा महाल तेव्हा आदिलशाहीत होता. देव नेणारे महाजन होते, म्हणजे घराघरांची मिळून केलेली मोट होती.

आणि हेही पाहा, ज्या राज्यकर्त्यांनी गावचं देऊळ पाडलं त्यांनी गावची गावकरी मोडली नाही. बांध फुटला तर सारा कुठून येणार, हे त्यांना नीट कळत होतं. गावकार ख्रिस्ती झाले, खाजन तेच राहिलं.

पण गावकरीचे गोडवे गाताना जीभ थोडी अडखळते. जोण मिळायची ती गावकारांच्या पुरुष वंशजांना. ज्यांनी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून चिखल उचलला त्या कुणबी-गावड्यांना बैठकीत जागा नव्हती. माझे आजोबा बैठकीत बसत. त्यांनी चिखल उचलल्याचं मी कधी ऐकलं नाही. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि १९७६ च्या दुरुस्तीने जमीन कसणाऱ्याची झाली, ते न्यायाचंच झालं. फक्त बांध कोणाचा, हा प्रश्न उरला. १९७५ च्या नियमांनी तो कुळांच्या संघटनांवर सोपवला. काही गावांत या संघटना खरोखर चालतात. पुष्कळ ठिकाणी त्या कागदावर राहिल्या. कोळंबीसाठी बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारीही झाल्या. आमच्या खाजनात आज निम्म्याहून अधिक भागात खारफुटी आहे.

चुलतभावाला मी हे सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, नाकेबंदीत काय झालं ते आजीला विचारायला हवं होतंस. त्याचं म्हणणं मी मोडीत काढणार नाही. १९५५ नंतर भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, मुंबईहून येणाऱ्या पैशांवर निर्बंध आले. ज्या घरांचा चरितार्थ मुंबईच्या मुलावर होता त्यांची कोंडी झाली. बाजारात हॉलंडचे बटाटे आले, पण विकत घ्यायला पैसे हवेत ना! आजी सांगायची, त्या वर्षांत घर तरलं ते कोठीतल्या भातावर. कोठी घराची होती, हे खरं. भात खाजनातलं होतं.

गेल्या मे महिन्यात मानशीच्या फळ्या बदलायला गावात वर्गणी निघाली. चुलतभावाने दिली, माझ्यापेक्षा जास्तच दिली. बांधावर चिखल टाकायला मात्र झारखंडचे मजूर होते. गावातली दोन म्हातारी माणसं त्यांना पेंढा कुठे दाबायचा ते दाखवत होती. मी छत्री घेऊन काठावर उभा होतो.