उलटणारा हिवताप

‘दुखणे उलटले’ असे आपल्याकडे घरोघरी म्हणतात. बरा झालेला माणूस पुन्हा अंथरुणाला खिळला की वडीलधारी मंडळी हा शब्द वापरतात, आणि त्याबरोबर बहुधा रोग्याला बोलही लावतात. पथ्य मोडले असेल, वाऱ्यात निजला असेल, सांगितलेले ऐकले नसेल. आज ज्या दुखण्याचा इतिहास आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत ते रोग्याच्या अपराधाने उलटत नाही. उलटणे हा त्याचा स्वभावच आहे. हे दुखणे म्हणजे हिवताप, आणि त्यातही ‘व्हायव्हॅक्स’ नावाच्या जंतूपासून होणारा हिवताप.

आम्ही डॉक्टर नव्हे आणि शास्त्रज्ञही नव्हे. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण मोफत वाचनालयांत झाले. बांधकाम मजुरांची संघटना बांधण्यात आमची तीस वर्षे गेली. या विषयाकडे आम्हांला ग्रंथांनी आणले नाही, एका बिगाऱ्याने आणले. १९९६ सालची गोष्ट. मुंबईच्या उपनगरात एका इमारतीच्या कामावर विशीचा एक पोरगा होता. श्रावणात त्याला थंडी वाजून ताप भरला. दवाखान्यात रक्त तपासले, हिवताप निघाला, गोळ्या मिळाल्या, ताप उतरला. दिवाळीला तोच ताप पुन्हा आला. होळीच्या सुमारास तिसऱ्यांदा आला. मुकादम म्हणाला, पोरगा कामचुकार आहे. आम्ही मुकादमाशी भांडलो; परंतु मागाहून त्या पोराला एकीकडे घेऊन आम्हीही रागे भरलो की, गोळ्या अर्ध्यावर टाकल्यास म्हणून हे झाले. त्याने शपथ घेऊन सांगितले की पाची दिवसांच्या गोळ्या आपण पुऱ्या केल्या. आमचा विश्वास बसला नाही. तो खरे बोलत होता, हे कळायला आम्हांला पुढे काही वर्षे आणि बरीच पुस्तके लागली.

हा ताप आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. दिवसाआड येणाऱ्या तापाला आयुर्वेदात ‘तृतीयक’ आणि दोन दिवस सोडून येणाऱ्याला ‘चातुर्थिक’ अशी नावे आहेत. आपल्या खेड्यांत तो पाळीचा ताप. त्याचे कारण मात्र आधुनिक काळातच उलगडले. १८८० साली अल्जीरियात लाव्हराँ नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टराला तापकऱ्याच्या रक्तात हा जंतू प्रथम दिसला. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनी तो डासाच्या जठराच्या भिंतीत पाहिला. तरीही एक कोडे उरलेच. डास चावल्यापासून रक्तात जंतू दिसू लागेपर्यंत आठवडाभर, कधी अधिकही, काळ जातो. तेवढे दिवस तो असतो कोठे?

१९०३ साली शाउडिन या नामांकित जर्मन शास्त्रज्ञाने लिहिले की, डासाने सोडलेला जंतू सरळ रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरताना आपण पाहिला आहे. नाव मोठे होते, त्यामुळे पुढे चाळीसएक वर्षे बहुतेकांनी ते प्रमाण मानले. १९४८ साली लंडनमध्ये शॉर्ट आणि गार्नहॅम या दोघांनी आधी माकडाच्या आणि मग माणसाच्या यकृतात या जंतूचा मुक्काम दाखवून दिला, तेव्हा कोठे ती चूक दुरुस्त झाली. यांपैकी शॉर्ट यांची नोकरीची वर्षे आपल्याच देशात, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये, गेली होती. त्यानंतरही ताप महिन्यांनी का उलटतो याचा उलगडा व्हायला आणखी तीस वर्षे गेली. १९८० च्या सुमारास क्रोटोस्की आणि त्यांचे सहकारी यांनी यकृताच्या पेशींत न वाढता, न फुटता, एकेकटे पडून राहिलेले सूक्ष्म जंतू दाखविले. शास्त्रज्ञ त्यांना ‘हिप्नोझोइट’ म्हणतात. आपण निजलेला जंतू म्हणू. शेतकऱ्याला हरळी ठाऊक असते. वरून कापली तर रान स्वच्छ दिसते, पण मुळी जमिनीत राहते आणि पहिल्या पावसाला पुन्हा फुटते. क्विनीन किंवा क्लोरोक्वीन हे वरचे कापणे होय. त्याने रक्तातले जंतू मरतात, ताप उतरतो, माणूस कामावर जातो. यकृतातली मुळी तशीच राहते. ती काही आठवड्यांनी फुटते, कधी आठ-दहा महिन्यांनीही फुटते. त्या पोराला तीनदा तीन डास चावले असे नाही. एकाच डासाची ती तीन बिले असू शकत होती.

आता ही मुळी उपटणाऱ्या औषधाचा इतिहास पाहू. तो फार सुखद नाही. १९२० नंतरच्या दशकात जर्मनीतील रसायनशास्त्रज्ञांनी ‘प्लास्मोचिन’ हे औषध तयार केले. यकृतातल्या जंतूवर चालणाऱ्या औषधांच्या घराण्यातले हे पहिले. ते मध्य अमेरिकेतील केळीच्या मळ्यांवर मजुरांना देण्यात आले, आणि तेथील डॉक्टरांनी त्याच दशकात नोंदवून ठेवले की, काही मजुरांची लघवी काळी होते, डोळे पिवळे पडतात आणि अंगातले रक्त झपाट्याने कमी होते. सर्वांचे असे होत नव्हते, काहींचेच होत होते. का, ते कोणाला सांगता येईना.

१९४२ साली जपानने जावा बेट घेतले आणि क्विनीनच्या सालीचा मोठा पुरवठा दोस्त राष्ट्रांना बंद झाला. तेव्हा अमेरिकेने नव्या औषधांचा शोध युद्धपातळीवर आरंभिला. इलिनॉय राज्यातील स्टेटव्हिल तुरुंगात १९४४ पासून कैद्यांना मुद्दाम हिवताप देऊन औषधांची परीक्षा होऊ लागली. शिकागो विद्यापीठाचे डॉ. आल्व्हिंग या कामाचे प्रमुख होते. कैद्यांनी संमतिपत्रांवर सह्या केल्या होत्या हे खरे. परंतु शिक्षेत सूट मिळेल या आशेवर असलेल्या माणसाची सही कितपत मोकळी मानायची, हा प्रश्न तेव्हाही होता. न्युरेंबर्गला नाझी डॉक्टरांवर खटला चालला तेव्हा आरोपींच्या वकिलांनी बचावासाठी याच तुरुंगाचे उदाहरण पुढे केले. नाझी छळछावण्या आणि हा तुरुंग यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण त्या वकिलांना बोट ठेवायला जागा मिळाली, हेही विसरता येत नाही.

या परिश्रमांतून ‘प्रायमाक्वीन’ हाती आले. कोरियाच्या युद्धावरून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांना घरी पोचल्यावर महिनोन्‌महिने ताप येत असे. म्हणून १९५१-५२ साली परतीच्या जहाजांवरच त्यांना रोज १५ मिलिग्रॅमची मात्रा १४ दिवस देण्यात आली आणि उलटणारा ताप आटोक्यात आला. आजही जगात मोठ्या प्रमाणावर हाच १४ दिवसांचा क्रम चालतो. श्रोत्यांनी येथे क्षणभर थांबावे. हा क्रम यशस्वी झाला तो कोठे? जहाजावर, जेथे हुकूम होता, वेळेवर जेवण होते आणि समुद्रात उडी टाकल्याखेरीज निघून जायला वाट नव्हती. त्या आधीची परीक्षा झाली ती तुरुंगात. जाऊ न शकणाऱ्या माणसांवर बसविलेला हा नियम पुढे जगातल्या सर्वांत फिरत्या माणसाला, म्हणजे मजुराला, लावण्यात आला.

काळ्या लघवीचे कोडेही त्याच तुरुंगात सुटले. कृष्णवर्णीय कैद्यांपैकी दहांतल्या एकाच्या आसपास लोकांचे रक्त या औषधाने फुटे. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा माणसाचे रक्त दुसऱ्या, औषध सोसणाऱ्या माणसाच्या अंगात घातले आणि मग औषध दिले. फक्त पाहुण्या पेशीच फुटल्या. म्हणजे दोष औषधापुरता नव्हता, त्या पेशींत होता. १९५६ साली कार्सन आणि सहकाऱ्यांनी तो नेमका सांगितला. तांबड्या पेशीला दाहक द्रव्यांपासून सांभाळणारा ‘जी-६-पी-डी’ नावाचा एक घटक असतो. तो ज्यांच्यात जन्मतःच कमी असतो त्यांची पेशी हे औषध सोसू शकत नाही. हा दोष ‘क्ष’ गुणसूत्रावर असतो. म्हणून पुरुषांत तो स्पष्ट दिसतो. स्त्रियांत अर्धामुर्धा असू शकतो आणि साध्या तपासणीत निसटतो. गरोदर स्त्रीला तर ही गोळी देतच नाहीत, कारण पोटातल्या मुलाचे रक्त कसे आहे हे कळायला मार्ग नसतो.

हा दोष परक्यांचा आहे असे कोणी समजू नये. १९६३ साली मुंबईच्या संशोधकांनी पारशी समाजात तो लक्षणीय प्रमाणात असल्याचे प्रसिद्ध केले. १९८४ साली एका कोळी कुटुंबात त्याचा एक नवा प्रकार सापडला आणि शास्त्राच्या जागतिक यादीत ‘कल्याण’ हे आपल्या शेजारचे नाव दाखल झाले. आदिवासी समाजांतही तो ठिकठिकाणी आढळतो. गंमत अशी की, हिवताप जेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदला तेथेच हा दोष अधिक दिसतो, कारण तो असणाऱ्याला हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते असे शास्त्रज्ञ मानतात. पूर्वजांना ज्याने तारले तेच नातवाला औषधाच्या वेळी आडवे येते.

आता आपल्या देशाकडे वळू. स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे मरत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. घरोघर डी.डी.टी. फवारली गेली, आणि १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास रुग्णांची नोंद एक लाखाच्या आसपास उतरली. हा पराक्रम खरोखर मोठा होता. गावोगाव पायपीट करून भिंतींवर आकडे लिहिणाऱ्या त्या फवारणी-कामगारांची आठवण आपण ठेवली पाहिजे. परंतु डास डी.डी.टी.ला पुरून उरू लागला, पुरवठा आखडला, दक्षता सैलावली, शहरे वाढली. आणि १९७६ साली रुग्णांची संख्या चौसष्ट लाखांवर गेली. भिंतीवरची फवारणी डासाला मारते. माणसाच्या यकृतात निजलेला जंतू तिला कसा सापडणार? फवारणी सैल होताच तो जागा होतो आणि नव्या डासांना शिधा पुरवतो.

त्या मुळीवर उपाय म्हणून आपल्याकडे बराच काळ प्रायमाक्वीनचा पाच दिवसांचाच क्रम रूढ होता. तो सोपा होता, आणि रक्त फुटण्याचे भयही त्यात कमी होते. १९९९ साली मुंबईतील डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र असे दिसले की, पाच दिवस गोळी घेणारे आणि न घेणारे यांच्यात ताप उलटण्याच्या बाबतीत विशेष फरक नाही. राखण होते ती १४ दिवसांनी. हे आम्ही वाचले त्या दिवशी तो पोरगा डोळ्यांपुढे उभा राहिला. त्याने गोळ्या पुऱ्या केल्या होत्या. अपुऱ्या होत्या त्या गोळ्याच. तोवर तो आपल्या गावी निघून गेला होता. त्याची क्षमा मागायची राहिली ती राहिलीच.

पुढे आपल्या देशानेही १४ दिवसांचा क्रम स्वीकारला. पण तो पुरा होतो का? तिसऱ्या दिवशी ताप उतरतो. उपाशीपोटी गोळी घेतली तर पोटात कळा येतात, आणि आमचा माणूस सकाळी चहावरच कामाला लागतो. आठव्या दिवशी स्लॅब पडतो, टोळी दुसऱ्या साइटवर जाते, आणि उरलेल्या गोळ्या पत्र्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेल्या पिशवीत राहतात. याला अडाणीपणा म्हणून चालणार नाही. ज्याचा एक खाडा म्हणजे एक दिवसाची भाकरी, त्याचा हिशेब वेगळा असतो.

शास्त्राने यावरही तोड काढली आहे. २०१८ साली अमेरिकेत ‘टॅफेनोक्वीन’ या औषधाला मान्यता मिळाली. त्याची एकच मात्रा पुरते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रायमाक्वीन दुप्पट मात्रेत सात दिवसांत देण्याचा क्रमही शिफारशीत आणला. पण सोय वाढली तशी जोखीमही वाढली. लघवी काळी दिसताच प्रायमाक्वीन थांबविता येते. टॅफेनोक्वीन एकदा पोटात गेले की कित्येक आठवडे शरीरात राहते; ते परत घेता येत नाही. म्हणून आधी जी-६-पी-डीची तपासणी, आणि तीही नुसती आहे-नाही सांगणारी नव्हे, तर किती आहे ते मोजणारी, अनिवार्य ठरते. ज्यांच्यात हा घटक कमी आहे त्यांच्यासाठी आठवड्यातून एक मात्रा, आठ आठवडे, असा संथ मार्ग आहे. तोही डॉक्टरांच्या नजरेखाली. म्हणजे जो मार्ग निवडावा त्याच्या तोंडाशी तपासणी उभी आहे, आणि शेवटाला कोणीतरी विचारपूस करणारे माणूस.

२०३० पर्यंत हिवतापाचे निर्मूलन करण्याचा संकल्प आपल्या देशाने केला आहे. तो सिद्धीस जावा ही आमची मनापासून इच्छा आहे. त्यासाठी आमच्या संघटनेने काही साइटवर एक साधी रीत पाडली. तापकरी मजुराचे नाव हजेरीच्या वहीत मागल्या पानावर लिहावयाचे, १४ घरे आखावयाची, दुपारच्या भाकरीनंतर सोबत्यासमोर गोळी घ्यावयाची आणि घरात फुली करावयाची. लघवीचा रंग रोज विचारावयाचा. काळसर म्हटले की गोळी बंद आणि थेट इस्पितळ. टोळी हलली तर ते पान फाडून त्याच्याबरोबर द्यावयाचे. काही ठेकेदारांनी कुरकुर केली, काहींनी स्वतः फुल्या केल्या. हे थोडके काम आहे. पण तपासणी दवाखान्यात मिळत नसेल तर आमची फुलीही आंधळीच आहे. म्हणून आमची मागणी अशी की, जेथे हिवतापाचे रक्त तपासतात तेथेच ही दुसरी तपासणीही फुकट व्हावी, आणि तापाच्या दिवसांचा रोज मजुराच्या पदरातून जाऊ नये.

मळ्यातील मजूर, तुरुंगातील कैदी, जहाजावरील शिपाई यांच्या अंगावर हे ज्ञान उभे राहिले. त्यांतल्या बहुतेकांना ‘नको’ म्हणण्याची सोय नव्हती. त्यांचे ऋण फेडायचे तर त्यांच्यासारख्याच माणसापर्यंत ते ज्ञान पूर्ण १४ दिवस, तपासणीसह, पोचले पाहिजे. आणि तोवर, श्रोतेहो, आपल्या घरी, कारखान्यात, गल्लीत कोणाचा ताप उलटला तर एवढे करावे: त्याला बोल लावण्याआधी त्याचे रक्त तपासून घ्यावे. आम्ही ते केले नव्हते.