गिअर ऑईलचा ‘नव्वद नंबर’ आला कुठून?

ट्रॅक्टरच्या इंजिनाला चाळीस नंबर आणि गिअरबॉक्सला नव्वद नंबर घालणाऱ्याला गिअरचं तेल दुपटीहून दाट वाटलं, तर दोष आकड्यांचा. एसएई या अमेरिकी संस्थेच्या कोष्टकात १०० अंश सेल्सिअसला गिअर ऑईलच्या ९० नंबरची मर्यादा १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स आहे. इंजिन ऑईलच्या ४० ची १२.५ ते १६.३ आणि ५० ची १६.३ ते २१.९. म्हणजे तापलेला नव्वद नंबर बसतो चाळीस-पन्नासच्याच पंगतीत.

सुरुवातीच्या मोटारींत गिअरला वाफेच्या इंजिनाचं सिलिंडर ऑईलच घालत; नंबर पुढे आले. ते कसे ठरले, याचं प्रचलित उत्तर असं की इंजिनाचं आणि गिअरचं तेल एकमेकांत मिसळू नये म्हणून मुद्दाम लांबचे आकडे घेतले. हे मला पुरेसं वाटत नाही. तेवढाच हेतू असता तर ७०, ८०, ९०, १०० अशी सरळ रांग लावता आली असती. ९० वरून १४० आणि तिथून थेट २५० ही उडी कशासाठी? माझ्या मते उत्तर सेबोल्टच्या उपकरणात आहे. स्टँडर्ड ऑईलच्या जॉर्ज सेबोल्टने बेतलेल्या या उपकरणात ठरलेल्या तापमानाचं ६० मिलिलिटर तेल बारीक छिद्रातून खाली यायला किती सेकंद लागतात, ते मोजत. जुन्या कोष्टकात २१० अंश फॅरनहाइटला ९० नंबरसाठी ७५ ते १२० सेकंद, १४० साठी १२० ते २०० आणि २५० साठी २०० च्या वर अशा हद्दी होत्या. तिन्ही आकडे आपापल्या हद्दीत पडतात. इंजिनाच्या ५० नंबरची हद्द मात्र ८५ ते ११० सेकंद. तिथे नंबर हा निव्वळ वर्ग आहे.

यावर आक्षेप येईल तो ८० नंबरचा, कारण आजच्या ८० ची खालची मर्यादा सेकंदांत मोजली तर जेमतेम पन्नासाच्या घरात जाते. पण जुन्या कोष्टकात ८० ची कसोटी शून्य अंश फॅरनहाइटच्या थंडीत, हजारो सेकंदांत होती. गरम तेलाचे सेकंदच नव्हते, तेव्हा ९० च्या खालची पायरी म्हणून ८० म्हटलं असणार. उलट २००५ साली ११० आणि १९० हे नवे नंबर घातले गेले, त्यांच्या हद्दी सेकंदांत आणल्या तर साधारण ९२ ते ११५ आणि १५३ ते १९१ येतात. एकशेनव्वद अगदी काठावर, पण आत! कोष्टक सेंटिस्टोक्समध्ये गेलं तरी सेकंद मागे राहिले, असं मी म्हणतो ते यामुळे.

तेव्हा नंबर मोठा म्हणून तेल भारी, हा हिशेब चुकीचा. नंबर फक्त दाटपणा सांगतो. दातांवरच्या दाबासाठी तेलात काय मिसळलंय, ते जीएल-४, जीएल-५ या श्रेणींवरून कळतं. पितळी सिंक्रो-रिंग असलेल्या गिअरबॉक्सला काही जीएल-५ तेलांतली गंधकयुक्त द्रव्यं मानवत नाहीत. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक लिफ्ट आणि तेलात बुडालेले ब्रेक एकाच तेलावर चालतात. तिथे साधा नव्वद नंबर ओतला तर थंडीत पंपाला तेल ओढवत नाही, लिफ्ट सावकाश उठते आणि ब्रेक कुरकुरतात. अशा ट्रॅक्टरला मॅन्युअलमध्ये दिलेलं ट्रान्समिशन-हायड्रॉलिक तेलच घालावं, मग डब्यावरचा नंबर कितीही लहान दिसो.