सोऱ्याची कढई

यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवड्याजवळ शिवणी येथें १७ एप्रिल १८१८ रोजीं कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेनें दुसऱ्या बाजीरावास गांठलें आणि त्याचा चांद्याकडे जाण्याचा बेत मोडला. पुढें ३ जूनला पेशवा माल्कमच्या स्वाधीन झाला. या प्रसंगीं कोण कोणत्या बाजूस होतें, हें इतिहासानें लिहून ठेविलें आहे. परंतु त्या काळच्या प्रत्येक तोफेंत जी दारू ठासली जाई, ती ज्याच्या कढईंतून निघे त्या सोरा करणाऱ्याचें नांव कोणत्याहि बखरींत सांपडत नाहीं. दारूचे चार हिस्से केले, तर त्यांतील सुमारें तीन हिस्से सोराच असतो. उरलेल्या एका हिश्शांत कोळसा आणि गंधक. कढईंतून सोरा किती निघाला आणि किती शुद्ध निघाला, यावर दारूचें बळ अवलंबून असे.

सोरा खाणींतून निघत नाहीं. गोठ्याजवळची, जुन्या पडक्या भिंतींलगतची, गुरांच्या मूत्रानें भिजलेली माती उन्हाळ्यांत पांढरट फुलते. ती खरवडून पाण्यांत कालवावी, लाकडाच्या राखेसह गाळावी आणि तें पाणी कढवावें, म्हणजे कच्चा सोरा हातीं येतो. हिंदुस्थानांत हा धंदा मुख्यतः बिहारमध्यें नुनिया लोकांच्या हातीं होता. १७५८ मध्यें बिहारच्या सोऱ्याचा मक्ता क्लाइव्हनें मीर जाफरकडून कंपनीसाठीं मिळविला, आणि गंगाकांठचा सोरा यूरोपच्या लढायांत जळत राहिला.

कच्च्या सोऱ्यांत साधें मीठ व इतर क्षार मिसळलेले असतात. त्यांतील कांहीं क्षार हवेंतील ओल शोषून घेतात आणि दारू सर्द करितात. सह्याद्रीवरील पावसांत ही गोष्ट राज्यावर बेतणारी होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत किल्ल्यावरील दारू ठराविक दिवसांनीं बाहेर काढून तिला ऊन द्यावें, अशी सक्त ताकीद आहे. ऊन हा दारू झाल्यानंतरचा उपाय. मूळचा उपाय कढईंतच करावा लागे. सोरा पुन्हा उकळत्या पाण्यांत विरघळवून निववावयाचा आणि खालीं बसलेले स्फटिक तेवढे उचलावयाचे. यालाच रसायनशास्त्रांत पुनःस्फटिकीकरण म्हणतात.

हें कां साधतें, याचें गमक अकबराच्या पाणीखान्यांतहि दिसतें. आईन-इ-अकबरींत अबुल फजल सांगतो, कीं जो सोरा दारूंत आग उत्पन्न करितो तोच बादशहा पाणी गार करण्यास वापरतो. सोरा विरघळतांना पाण्यांतील उष्णता ओढून घेतो. म्हणूनच पाण्यास उष्णता द्यावी तसतसा तो अधिकाधिक विरघळतो. पाणी गार होणें आणि कढईंत सोरा मावणें, हीं एकाच नियमाचीं दोन अंगें आहेत.

हा नियम आंकड्यांत मांडण्याचें मोठें काम पेशवाई बुडाल्यानंतर दुसऱ्याच वर्षीं, १८१९ मध्यें, फ्रान्समध्यें गे-ल्युसॅकनें केलें. कोणत्या उष्णमानास किती पाण्यांत कोणता क्षार किती विरघळतो, हें मोजून त्यानें त्याच्या वक्ररेषा काढल्या. आजच्या मोजणीप्रमाणें १०० शेर पाण्यांत १०० अंशांवर सुमारें २४६ शेर सोरा मावतो. २० अंशांवर ३२ शेरच मावतो. तेव्हां २४६ शेर सोरा १०० शेर उकळत्या पाण्यांत विरघळवून २० अंशांपर्यंत निवविला, तर ३२ शेर पाण्यांत राहील आणि २१४ शेर खालीं बसेल. २१४ ला २४६ नें भागून शंभरानें गुणलें, म्हणजे प्राप्ति शेकडा ८७ येते. सगळा हिशेब एवढाच आहे.

मिठाला हाच हिशेब लावून पाहावा. १०० शेर पाण्यांत उकळतांना ३९ शेर मीठ मावतें आणि २० अंशांवर ३६ शेर. निवविल्यानें खालीं बसेल तें अवघें तीन शेर, म्हणजे शेकडा आठच्या आसपास. म्हणून कोंकणांतील मिठागरांत पाणी निववीत नाहींत; उन्हानें आटवितात. सोऱ्याच्या कढईंत २० शेर मीठ भेसळलेलें असेल, तर तें निवल्यावरहि पाण्यांतच राहतें, कारण ३६ शेरांपर्यंत त्याला तेथें जागा आहे. दोन क्षार एकत्र आले, कीं एकमेकांच्या मर्यादा थोड्याफार हलवितात. तरी दिशा हीच राहते. कढ फार आटविला, तर मात्र मीठच आधीं तळाशीं बसतें. याच कारणानें उत्तर हिंदुस्थानांत इंग्रज सरकारच्या मीठखात्याची नजर सोऱ्याच्या कारखान्यांवर होती आणि त्यांना परवाना घ्यावा लागे.

आतां तीच कढई विदर्भांत आणावी. पौषांतल्या रात्रीं पारा १० अंशांवर आला, तर पाण्यांत २१ शेर राहतात आणि २२५ शेर हातीं येतात. प्राप्ति शेकडा ९१ पेक्षां अधिक. वैशाखांत ४० अंशांवर ६४ शेर पाण्यांतच अडकतात आणि प्राप्ति ७४ वर उतरते. कारागीर तोच, सोरा तोच. ऋतूनें ४३ शेरांचा फरक पाडला. आणि घाईनें दुप्पट पाणी ओतणारा थंडीच्या दिवसांतहि तेवढेंच गमावतो. २० अंशांवर २०० शेर पाणी ६४ शेर सोरा धरून ठेवतें.

तोळून पाहतां ८७ च्या जागीं कमी भरलें, तर स्फटिक धुतांना पाणी जास्त झालें असें समजावें. जास्त भरलें, तर आनंद मानूं नये. स्फटिक ओले आहेत किंवा त्यांत मीठ उरलें आहे. यासाठीं जाणते कारागीर स्फटिक साध्या पाण्यानें न धुतां सोऱ्यानेंच भरलेल्या पाण्यानें धुतात. त्या पाण्यांत सोऱ्याला जागा नसते, मिठाला असते.

उरलेले ३२ शेर वायां गेले असें नाहीं. तें पाणी पुढच्या खेपेच्या कढईंत जातें, आणि मीठ फार सांचलें म्हणजेच टाकून द्यावें लागतें. पहिल्याच खेपेस शंभरांपैकीं शंभर पदरांत पाडूं पाहणारा पाणी आटवीत बसतो, आणि सोऱ्याबरोबर मीठहि घरीं आणतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चिली देशाच्या क्षारापासून जर्मनींत सोरा होऊं लागला आणि नुनियांचा व्यापार ओसरला. गे-ल्युसॅकच्या कोष्टकाविनाहि त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट हातानें जाणली होती: शुद्ध माल हवा असेल, तर कांहीं भाग पाण्याला सोडावाच लागतो.